भोपळ्याचं माप

मोन्तेसेर्रा गावात कुणी कुणाला आडनावानं ओळखत नाही. आडनावं पोस्टमनसाठी आणि पोलिसांसाठी. गावात प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव असतं, ते बाळाच्या आधी पाळण्यात येऊन पडलेलं असतं. माणूस मेला की चौकातल्या भिंतीवर जो कागद चिकटवतात, त्यावरही नावाखाली तेच छापावं लागतं, नाहीतर कोण गेलं ते कळायचं नाही आणि मयताला कुत्रंही फिरकायचं नाही.

लेआर्को गास्पेरोनीच्या घराण्याचं टोपणनाव होतं 'झुक्का', म्हणजे भोपळा. त्याच्या आजोबांचं डोकं म्हणे एवढं मोठं होतं की सैन्यात त्यांच्या मापाची टोपीच मिळेना, आणि बिनटोपीचा शिपाई शोभत नाही म्हणून त्यांना घरी पाठवलं. त्या डोक्यापायी आजोबा लढाईतून वाचले, लग्न केलं, पोरं झाली. नातवाला मात्र हे उपकार कधी पटले नाहीत. भोपळा आजोबा होते, वडील होते, चुलते तर होतेच होते. आपलं डोकं तेवढं चारचौघांसारखं, मध्यम मापाचं, असं लेआर्को चौसष्ट वर्षं मानत आला होता. म्हणजे एम; एल नाही, एक्सएल तर नाहीच नाही. माणूस देवाबद्दल शंका घेईल, पण स्वतःच्या डोक्याबद्दल घेत नाही, कारण शंका घ्यायला तेच लागतं.

खाली रिमिनीच्या किनाऱ्यावर त्याच्या भाड्याच्या छत्र्या आणि आरामखुर्च्या होत्या. उन्हाळाभर जर्मन बायकांना खुर्ची उलगडून देताना पोट आत घ्यायचं, आणि हिवाळाभर ते बाहेर सोडून गॅरेजमध्ये मोटारसायकल खोलायची, हा त्याचा वर्षाचा नेम. मोटारसायकल वडिलांची, लाल, एकशेपंचाहत्तर सीसीची, वयानं नेवियापेक्षा थोरली. नेविया म्हणजे त्याची बायको. दोघींपैकी कुणाच्या आवाजाकडे तो लक्ष देऊन ऐकायचा हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती.

मे महिन्यात गावाच्या तटाभोवती जुन्या मोटारसायकलींची शर्यत व्हायची. लेआर्को दरवर्षी उतरायचा आणि दरवर्षी शेवटून पहिला किंवा दुसरा यायचा. त्याचं त्याला फारसं वाटत नसे. त्याला लागायचं ते सुरुवातीच्या रेषेवर. तिथे भोंग्यावर वानिस असे. वानिसचं आणि त्याचं शाळेपासून विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि यात भोपळा कोण हे सांगायला नको. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर वानिसनं गाडी सोडली आणि माइक धरला. सगळ्या स्वारांची नावं तो रीतसर घ्यायचा, आणि लेआर्कोची पाळी आली की घसा खाकरून म्हणायचा, "आणि आता, मंडळी, लेआर्को भोपळा, रस्ता जरा रुंद सोडा." सगळा तट हसायचा.

यंदा दोन गोष्टी झाल्या. लेआर्कोला लवकरच पासष्ट पूर्ण होणार होती आणि पासष्टीनंतर उतरू देत नसत, म्हणजे ही शेवटची शर्यत. आणि आयोजकांनी नियम काढला की हेल्मेट नवं हवं, शर्यतीच्या दर्जाचं, तपासणी होईल. लेआर्कोचं जुनं हेल्मेट मेव्हण्याकडून आलेलं, आतला फोम झिजून पिठासारखा झालेला. त्यात त्याचं डोकं आरामात खेळायचं, म्हणून ते आपल्या मापाचं आहे असा त्याचा समज. एकदाच, शेवटचंच, आपण त्या रेषेवर देखणं हेल्मेट घालून उभं राहावं आणि वानिसच्या तोंडून आपलं खरं नाव निघावं, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा साधी होती, माणूस साधा नव्हता.

हेल्मेटचं दुकान खाली रिमिनीत, ओम्ब्रेताचं. बाईनं तरुणपणी स्वतः शर्यती मारलेल्या, एक मनगट अजून वाकडं. तिनं काही न विचारता शिंप्याची टेप काढली आणि भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवली.

"बासष्ट," ती म्हणाली. "एक्सएल. आणि तुमचं डोकं पुढून मागं लांब आहे, गोल नाही. गोल डोक्याचं हेल्मेट दिलं तर कपाळावर टोचेल."

"टेप सैल झालीय तुमची," लेआर्को म्हणाला. "मी एम वापरतो. जन्मभर."

ओम्ब्रेतानं नेवियाकडे पाहिलं. नेविया शोकेसमधले हातमोजे बघत राहिली, जणू ती याच्याबरोबर आलेलीच नाही.

लेआर्कोचं मन आधीच एकावर जडलं होतं. लाल रंग, दोन्ही बाजूंना पांढरे पंख, कपाळावर सोनेरी रेघ. उरलेलं एकच, आणि ते एम. त्यानं पट्टे ताणले, डोळे मिटले आणि डोकं आत घुसवलं. कान आधी दुमडले, मग दिसेनासे झाले. आतून आवाज आला, "मफ्त बफतंय."

"काय?"

"मफ्त!"

"गाल दाबले जायला हवेत, ते ठीक," ओम्ब्रेता म्हणाली. "गालांचा फोम आठ दिवसांत बसतो. पण कपाळाचं हाड बसत नाही हो. आता डोकं हलवा. कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. तुमची कुठे सरकतेय, तिला जागाच नाही. बरं, अर्धा तास असंच घालून फिरा दुकानात. अर्ध्या तासानं हसत असाल तर पॅक करून देते."

लेआर्को पाच मिनिटांत हेल्मेटातून बाहेर आला. गाडी चुकीच्या जागी लावलीय, पोलीस येतील, असं कारण. गाडी दुकानाच्या अंगणातच होती. कपाळावर लाल वळ उमटला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, ते आनंदाचं असल्याचं त्यानं सांगितलं.

"हे मी तुम्हाला विकू नये," ओम्ब्रेता म्हणाली.

"मग दुसरं कुणीतरी विकेल."

तिनं विकलं. दारात मात्र नेवियाच्या कानाशी लागून म्हणाली, "वापरू नका, आदळू नका, परत आणा. बदलून देईन."

घरी आल्यावर लेआर्कोनं हेल्मेट सरावासाठी घालायला सुरुवात केली. आधी बातम्या संपेपर्यंत, मग निम्म्या बातम्यांपर्यंत, मग फक्त हवामानापर्यंत. त्याला वाटायचं, चामड्याचा बूट पायाला घडतो तसं डोकंही घडेल. डोकं घडलं नाही. कपाळावरचा वळ मात्र असा पक्का झाला की पाववाल्यानं विचारलं, "बायकोनं लाटणं मारलं का?"

शर्यतीच्या आठवड्यात नेवियाला स्वयंपाकघराच्या फरशीवर पांढरे कण सापडले. किसलेलं चीज सांडलं असेल म्हणून तिनं बोट लावून चाखलं. चीज नव्हतं. मग तिला सिंकमध्ये सुपाचा मोठा चमचा दिसला, तिच्या आईचा, आणि चमच्याच्या काठाला चिकटलेला पांढरा चुरा. तिनं टेबलावरचं हेल्मेट उचलून आत हात घातला. अस्तराखालचा कडक फोम, म्हणजे पडल्यावर कवटी वाचवणारी एकमेव गोष्ट, कपाळाशी आणि मागं खरवडून काढलेला होता. शिर सलामत तर पगडी पचास म्हणतात. या गृहस्थानं पगडी सलामत ठेवायला शिराची व्यवस्था लावली होती.

"चीज सांडलं होतं वाटतं," लेआर्को दारातून म्हणाला.

"हो ना," नेविया म्हणाली. "पुसून घेतलं."

ती भांडली नाही. भांडायचं ठरवलं असतं तर तिला चाळीस वर्षं मागे जाऊन सुरुवात करावी लागली असती. दुपारी तिनं पर्स उचलली, बसनं खाली रिमिनीला गेली आणि संध्याकाळी आल्यावर नेहमीसारखी शिवणाच्या मशीनपाशी बसली. सीझन जवळ आला होता, छत्र्यांच्या कापडांना टाके घालायचे होते. लेआर्कोनं तिकडे पाहिलंही नाही.

शर्यतीच्या दिवशी तटाखाली तंबू टाकला होता. तपासनीस बाहेरचा, बाल्दाच्ची नावाचा, त्याला गावातली टोपणनावं माहीत नव्हती आणि माहीत करून घ्यायचीही नव्हती. त्यानं लाल हेल्मेटात मूठ घातली, फिरवली आणि थांबला.

"आत उंदीर पाळलेत का?"

"थोडी जागा केली," लेआर्को म्हणाला. "हवा खेळायला."

"घाला. पट्टा लावा. दोन्ही कड्यांतून, हं. आता मान सैल सोडा."

बाल्दाच्चीनं मागच्या काठाखाली बोटं घालून हेल्मेट वर आणि पुढं ओढलं. पट्टा लावलेला होता, तरी ते कानांवरून सुटलं, कपाळावरून घसरलं आणि नाकावर येऊन अडकलं. लेआर्को हेल्मेटाच्या आत आंधळा होऊन उभा. रांगेत हशा उठला. वानिसचा माइक नेमका चालू होता.

"मंडळी, तंबूत भोपळा सोलायचं काम चालू आहे!"

बाल्दाच्चीनं हेल्मेट काढून घेतलं आणि त्याच्या सोनेरी रेघेवर काळ्या मार्करनं मोठी फुली मारली. "पडलात तर हे रस्त्यावर एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. दुसरं असेल तर आणा. नसेल तर बसा."

लेआर्को आपल्या व्हॅनमागच्या दगडावर जाऊन बसला. चौसष्ट वर्षांचा माणूस रडावा असं काही झालं नव्हतं, आणि तो रडलाही नाही, पण त्याला फार वाईट वाटलं, अगदी शाळेत वाटायचं तसं. शेवटची शर्यत गेली. आणि गेली ती गाडीपायी नाही, वयापायी नाही, नेमकी त्याच एका गोष्टीपायी.

नेविया कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीतून तिनं एक पांढरं हेल्मेट काढलं. पंख नाहीत, रेघ नाही, दूध तापवायच्या पातेल्यासारखं साधं.

"हे घाल."

"कुठलं आणलंस?"

"घाल म्हटलं ना."

"माप काय आहे?"

"बघ की तूच. आत लिहिलंय."

त्यानं आत पाहिलं. अस्तरावर कापडी लेबल होतं: एम. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं. ते गालांना धरून बसलं, कपाळाला कुठेच टोचलं नाही, आणि मान हलवली तर कातडीसकट हललं. म्हणजे एम हेच माप होतं तर! त्या दुकानदारणीची टेपच खोटी. खात्री करावी म्हणून त्यानं हेल्मेट काढून लेबल पुन्हा डोळ्यांजवळ धरलं.

लेबलाचे चारी कोपरे हातानं शिवलेले होते. तपकिरी दोरा, बारीक तिरपा टाका, प्रत्येक कोपऱ्यात दुहेरी गाठ. हा टाका तो रोज सकाळी छत्र्या उघडताना बघायचा. वारा कितीही आला तरी न उसवणारा, नेवियाचा टाका. आणि मग त्याला एकेक आठवायला लागलं. लोकरीच्या टोप्या, ऊन लागू नये म्हणून घ्यायच्या गवती हॅट, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली निळी कानटोपी. प्रत्येकीत एम, आणि प्रत्येक एमच्या कोपऱ्यात ही गाठ. बाजारातून आणलेल्या टोपीचं लेबल उसवायचं, दुसरं शिवायचं, मग कपाटात ठेवायची. चाळीस वर्षं. त्याच्या समजुतीसाठी ही बाई बोटं टोचून घेत होती आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

त्यानं वर पाहिलं. नेविया व्हॅनचं दार पुसत होती. दार स्वच्छ होतं.

त्याला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग कुणावर काढावा हे न कळल्यामुळे तो उठला आणि तंबूत गेला. बाल्दाच्चीनं हेल्मेट पुन्हा मागून ओढलं, दोनदा, जोर लावून. हेल्मेट हललं नाही, लेआर्कोच तेवढा पुढं झुकला. मग ते उतरवून त्यानं आतलं लेबल पाहिलं, लेआर्कोचं डोकं पाहिलं, पुन्हा लेबल पाहिलं. हातानं शिवलेलं कळायला त्याला चष्मा लागत नव्हता.

"पट्ट्यावरचा दर्जाचा शिक्का बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "पण माप लिहावं लागतं. काय लिहू?"

तंबूच्या दाराशी नेविया उभी होती. पलीकडे वानिस माइक हातात धरून कान टवकारून होता.

त्याआधी लेआर्को आपल्या डोक्याबद्दल जे जे बोलला, ते सगळं तो खरं समजून बोलला होता. आता पहिल्यांदा तो जाणूनबुजून खोटं बोलला.

"एम," तो म्हणाला. "लिहा एम."

बाल्दाच्चीनं मान डोलावली आणि लिहिलं.

रेषेवर त्याची पाळी आली तेव्हा वानिसनं घसा खाकरला. "आणि आता, मंडळी, लेआर्को भोपळा! माप ऐका, माप एम!" सगळा तट हसून हसून कोसळला. पाववाला हसला, पाद्री हसला, रांगेतले स्वार हसले. लेआर्कोनं हात वर केला. हसण्यात तोही होता, पण गाल असे घट्ट धरलेले की बाहेरून कुणाला दिसलं नाही.

नेविया दोरी ओलांडून आत आली. तिनं त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली, पट्टा आणखी थोडा आवळला आणि उरलेलं टोक खोचून दिलं.

"घट्ट होतंय का?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अगदी मापाचं आहे."

"मग जा. आणि निदान शेवटून दुसरा तरी ये."