बसलं की मान उडायची

शाळेत मी पी.टी. शिकवायचे. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि साडीऐवजी पंजाबी ड्रेस. नव्वदच्या सुमाराच्या पनवेलात एवढ्यानंही लोक वळून बघायचे. मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या आणि मग मनगटावर बोटं ठेवून स्वतःची नाडी शोधायला सांगायची, हा माझा आवडता तास. त्याच मैदानावर एका सकाळी कवायत घेता घेता मी कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा भोवती मुलींचे पाय दिसत होते आणि तोंडात माती होती.

तपासण्या झाल्या. हृदय मधूनच ठोका द्यायचं थांबतं, असं निघालं. मुंबईच्या हॉस्पिटलात डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याची एक वायर शिरेतून थेट हृदयात. "तुमचं हृदय रेंगाळलं की हा त्याला ढकलणार. नाहीतर गप्प बसणार," डॉक्टरांनी समजावलं. मला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. आपल्या आत कुणीतरी सतत कान देऊन बसलंय, ही कल्पनाच मजेशीर होती.

घरी आले आणि सक्तीची विश्रांती सुरू झाली. नवीन पनवेलातल्या आमच्या दोन खोल्यांत रोज कुणीतरी शहाळं घेऊन बघायला यायचं. जखम छान भरत होती. पण आठवड्याभरात एक विचित्र त्रास सुरू झाला. खुर्चीत निवांत टेकले की मानेत काहीतरी धपधप उडायचं, घास अडकल्यासारखा गळा भरून यायचा, डोकं हलकं व्हायचं आणि दम लागायचा. काही न करता दम! उठून भांडी घासायला लागले की पाचेक मिनिटांत सगळं गायब.

"अगं, आराम कर म्हणजे बरं वाटेल," हे म्हणायचे.

"अहो, आराम केला कीच होतंय!"

हे त्यांच्या डोक्यात बसायचं नाही. रसायनीच्या कारखान्यात मशिनं सांभाळणारा माणूस. काम केल्यावर बिघडणारं यंत्र त्यांनी पाहिलं होतं, बसल्यावर बिघडणारं नव्हतं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नाडी पाहिली. "घड्याळासारखी चाललीय. मनावर घेऊ नका." मुंबईला दाखवायला गेलो. एस.टी.तून उतरून चालत हॉस्पिटल गाठलं, लिफ्ट बंद म्हणून जिने चढलो. वर पोचताच नंबर लागला, ईसीजी निघाला. सगळं उत्तम. मलाही त्या क्षणी उत्तमच वाटत होतं! काय सांगणार? तरी मी सांगितलं. मोठे डॉक्टर समजूतदारपणे हसले. "आपल्या शरीरात मशीन आहे हे मनानं स्वीकारायला वेळ लागतो, बाई. होईल सवय."

परतताना एस.टी.त खिडकीशी बसले आणि मानखुर्दच्या पुढे कुठेतरी धपधप पुन्हा सुरू. तेव्हा मात्र मलाच शंका आली. खरंच मनाचं असेल का? पुढचे काही दिवस मी गप्प राहिले. कुणी विचारलं की "बरी आहे" म्हणायचे. स्वतःवरचा विश्वास उडणं हे चक्कर येण्याहून वाईट, हे मला त्या दिवसांत कळलं.

सासूबाई नेऱ्याहून राहायला आल्या होत्या. दुपारी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. बोलता बोलता त्या थांबल्या आणि माझ्या गळ्याकडे टक लावून पाहू लागल्या.

"आगो, तुजी मान बग कशी उडते हाय."

"दिसतंय तुम्हाला?"

"दिसतंय म्हंजे? मंगाशी भाकऱ्या करीत व्हतीस तवा असं नाय होतं."

मी आरशाकडे धावले, पण धावल्यामुळे धपधप थांबली! मग शांतपणे आरशासमोर स्टूल ओढून बसले आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं मानेतली शीर उडायला लागली. बाहेरून दिसणारी, खरीखुरी. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. मला इतका आनंद झाला की त्यांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

आता माझ्यातली पी.टी.ची बाई जागी झाली. मुलींना जे शिकवायचे तेच स्वतःवर करायला घेतलं. बोटं मनगटावर ठेवून बसायचं. माझी स्वतःची नाडी मला चांगली माहीत होती. श्वास घेताना ती किंचित पळते, सोडताना रेंगाळते. पण मान उडायला लागली की नाडी एकदम सरळ व्हायची, श्वास कसाही घ्या, अंतर तेवढंच. हे ठोके माझे नव्हते. मशीनचे होते. गच्चीवर दोन-चार चकरा मारल्या की माझी नाडी परत यायची आणि मान शांत. म्हणजे बसल्यावर माझं हृदय जरा संथ होत होतं, मशीनला वाटत होतं की हे रेंगाळलं, आणि ते कामाला लागत होतं. त्रास मशीन काम करताना होत होता. बिघडलेलं असताना नव्हे, नीट चाललेलं असताना!

रात्रीच्या जेवणानंतर ह्यांना हे सांगितलं आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर ठेवला. ते बराच वेळ डोळे मिटून बसले. "बदलतंय खरं," शेवटी म्हणाले. "मी रजा टाकतो. जाऊया."

या वेळी जिने चढल्यावर मी ईसीजीच्या खोलीत जायला नकार दिला. "मला आधी बसू द्या. मी खूण केली की काढा."

"बाई, असं नसतं. नंबर जाईल," टेक्निशियन वैतागला.

"जाऊ दे. शेवटचा द्या."

आमचं बोलणं ऐकून एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, वाल सोलण्यापासून. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग मला आत नेऊन खुर्चीत बसवलं, ईसीजीच्या वायरी लावल्या, ब्लड प्रेशर घेतलं आणि समोर स्टूल घेऊन त्याही बसून राहिल्या. आम्ही दोघी काहीतरी येण्याची वाट बघत असल्यासारख्या. धपधप सुरू झाली तशी मी बोट वर केलं. त्यांनी आधी माझ्या मानेकडे पाहिलं, मग ईसीजीच्या पट्टीकडे, मग पुन्हा ब्लड प्रेशर घेतलं. ते चांगलंच उतरलं होतं.

"बाई, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

एवढं एक वाक्य ऐकायला किती दिवस लागले होते! माझे डोळे भरून आले. ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाचे वरचे कप्पे आधी आकुंचन पावतात, मग खालचे. माझी वायर फक्त खालच्या कप्प्यात. मशीन खालच्याला ढकलतं, तेव्हा वरचा कप्पा मधल्या झडपेच्या बंद दारावर धडकतो आणि रक्त उलटं मानेकडे उसळतं. काही जणांना हे जाणवतही नाही, काहींना माझ्यासारखं होतं. "मशीन चांगलं आहे, तुमच्या हृदयाशी त्याचं जमत नाहीये," त्या म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पट्टी वाचली, मानेला बोट लावून पाहिलं आणि सरळ म्हणाले, "मागच्या वेळी मी तुम्हाला बसवून बघायला हवं होतं."

छातीवर एक चपटं यंत्र टेकवून त्यांनी पेसमेकरचा वेग खाली आणला. न कापता, न टोचता. म्हणजे आता माझं हृदय पुरतं हळू झालं तरच तो मध्ये पडणार. खुर्चीत बसल्या बसल्या मानेतलं ते ओझं उतरलं. किती वेळ तरी मी नुसती बसून राहिले, बसणं सुखाचं आहे म्हणून.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी मैदानावर होते. काही वर्षांनी बॅटरी संपत आली, तेव्हा दोन वायरींचा नवा बसवला. तो वरच्या आणि खालच्या दोन्ही कप्प्यांचा ताळमेळ सांभाळतो. त्यानंतर एकदा जखमेच्या जागी गरम लागलं म्हणून मी दुसऱ्याच दिवशी मुंबई गाठली. काहीच निघालं नाही. ब्लाऊजची शिवण घासत होती. मी ओशाळून हसले. पण डॉक्टरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळीही या."