स्पीकरजवळ

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे, पण खरी कधीच सांगितली नाही. हळदीला, लग्नाला, कुठेही चार माणसं जमली की मी सुरू करायचो, "ह्याला एवढ्या मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमाला नेलं, तर ह्याचे पाय दुखायला लागले. अर्ध्यावर उठून आलो!" लोक हसायचे. माझा मित्रही हसायचा, वर गुडघा चोळून दाखवायचा. त्या दिवशी त्याचे पाय दुखत नव्हते. हे त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे. इतकी वर्षं मी ते टाळलं. आता टाळवत नाही.

त्याच्या वडिलांचा भिवंडीत लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता आणि माझ्या वडिलांची जवळच पूर्ण्याला भातशेती. आमच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे, पण तरुणपणी कापणी आटोपली की मी त्याच्या कारखान्यात शिफ्ट करायचो. मालकाचा मुलगा असून तोही माझ्या शेजारच्या लूमवर उभा असायचा. तिथल्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. आवाज सोडून द्यायचा आणि ओठ मोठे उघडून बोलायचं. समोरचा ते वाचतो. हे मला त्यानंच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मिशी काप. तुझं बोलणं झाकतंय." मी कापली, ती आजतागायत पुन्हा ठेवली नाही. सुताच्या कांड्या बदलता बदलता आम्ही जगाच्या गप्पा मारायचो, त्याच्या वडिलांच्या नाकासमोर त्यांचीच नक्कल करायचो आणि कुणाला काही कळायचं नाही.

पुढे मी शेताकडे परतलो. तो आयुष्यभर लूममध्ये राहिला आणि कान तिथेच ठेवून आला. उजवा पूर्ण गेला होता, डावा जायच्या वाटेवर होता. कानाला मशीन लावून फारसा फरक पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

माझी नात मानकोलीला एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे. एके शुक्रवारी आमच्या पडवीत चहा पिताना ती आम्हा दोघांना परदेशी बँडच्या कार्यक्रमाचं कौतुक सांगत होती. "आबा, तिथे गाणं कानात नाही येत, छातीत येतं. स्पीकरजवळ उभं राहिलं ना, तर बरगड्या हलतात."

मित्र तिच्या ओठांकडे बघत होता. त्यानं बशी खाली ठेवली.

"मला घेऊन चल."

"चाचा, सगळी इंग्रजी गाणी असतात."

"मग? मला मराठी तरी कुठं ऐकू येतात?"

आम्ही हसलो, पण तो हसला नाही. म्हणाला, "थोडं बाकी हाय तवर एकदा ऐकू दे. छातीनं तर छातीनं. पण त्या स्पीकरजवळ न्यायचं हां, बेटा."

नातीनं तिकिटं काढली. कार्यक्रम नवी मुंबईच्या स्टेडियममध्ये होता. त्याला घ्यायला गेलो तेव्हा तो पांढराशुभ्र कुर्ता घालून, अत्तर लावून दारात उभा. त्याची बायको आतून म्हणाली, "कुणाचं लगीन हाय म्हणून एवढा नटलायस?" ते मात्र त्याला बरोबर कळलं. "आमच्या दोघांचं," माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला.

दारावर एक मुलगी सगळ्यांना कानात घालायचे स्पंजाचे बोळे देत होती. तिनं त्याच्याही हातावर ठेवले. त्यानं ते उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. "पोरी, हे मला लूमवर लागलो तेव्हा द्यायचंस." ती गोंधळली. आम्ही दोघं मात्र पुढे जाईपर्यंत हसत होतो.

दिवे लागले आणि पहिला ढोल वाजला. त्यानं झटकन छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून ओठांनीच म्हणाला, "लूम चालू झाले!"

त्या संध्याकाळइतकी मजा मला म्हातारपणी कधी आली नाही. आजूबाजूची पोरं एकमेकांच्या कानात ओरडून घसे बसवत होती आणि आम्ही दोघं आरामात गप्पा मारत होतो. पुढच्या रांगेतल्या पोराचे हिरवे केस, गाणाऱ्याची फाटकी पँट. "एवढा पैसा कमावतो, कापड घ्यायला काय झालं?" तो म्हणाला. "आपल्याकडून नेलं असतं तर फाटलं नसतं." खुर्चीच्या दांड्यावर त्याची बोटं ताल धरत होती आणि ती चुकत नव्हती.

थोड्या वेळानं तो नातीला खुणेनं म्हणाला, पुढे जाऊ या. स्पीकर खाली, मैदानाच्या टोकाला होते. तिनं तिथल्या माणसाला विचारून ठेवलं होतं. तो म्हाताऱ्यांना सोडायला तयार होता. नात आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "आबा, चला, चाचांना पुढे नेऊ!"

माझं अंग आंबलं होतं. एवढ्या पायऱ्या उतरायच्या, त्या गर्दीत घुसायचं, परत चढायचं. मला बसून राहायचं होतं, एवढंच. तसं सांगायला काय हरकत होती? पण मी म्हणालो, "कशाला? बहिरा हाय तो. हितं बसला काय नि घरी बसला काय, त्याला सारखंच."

आणि हे मी कसं म्हणालो? त्या गोंगाटात जुनी सवय जागी झाली. आवाज सोडून दिला आणि ओठ मोठे उघडून, एकेक शब्द सुटा करून बोललो. नात कधी लूमवर उभी राहिलेली नाही. तिला काही कळलं नाही. "काय?" तिनं विचारलं. त्या भरलेल्या स्टेडियममध्ये माझं ते वाक्य समजू शकेल असा एकच माणूस होता आणि तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होता.

दांड्यावरची बोटं थांबली.

मग तो हसला, गुडघ्यावर हात मारून उठला आणि नातीला म्हणाला, "बेटा, पाय दुखतायत. घरी जाऊ."

तिनं फार विनवलं. मी विनवलं नाही. मी त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं, जणू खरंच त्याचे पाय दुखत होते. गाडीत ती हिरमुसून बसली होती. मानकोलीला कंटेनरच्या मागे अडकलो, तेव्हा तोच तिला म्हणाला, "छातीत वाजलं हां. तू बोललीस तसंच." ती खूश झाली. माझ्याकडे त्यानं रागानं पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पुढच्याच वर्षी डावा कानही गेला.

आमचं तसं छान चाललं आहे. शुक्रवारी लूम बंद असतात, गल्ली शांत असते. मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो, त्याची बायको चहा आणि खारी ठेवते आणि आम्ही आवाज न करता तासन् तास बोलतो. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटेल, दोन म्हातारे नुसते तोंड हलवत बसलेत. तो अजून नकला करतो. मी अजून पोट धरून हसतो. जायच्या आधी सकाळी मी ओठांवरचे खुंट नीट काढतो, म्हणजे त्याला सगळं स्वच्छ दिसावं.

तो काहीही वाचतो. पुतण्याच्या लग्नाची बोलणी, खाडीच्या पुलावरची गर्दी, माझ्या दाढेचं दुखणं. पण ज्याचं ऐकणं डोळ्यांत आहे, त्याला नको ते न ऐकणंही सोपं असतं. कितीतरी शुक्रवारी मी चहा संपायच्या आत ओठ उघडले आहेत, आवाज सोडून, एकेक शब्द सुटा करून: "त्या दिवशी स्टेडियममध्ये मी जे बोललो..." एवढ्यावर येईपर्यंत तो बशी उचलतो, तोंडाला लावतो आणि फुंकर घालता घालता डोळे मिटून घेतो.