डोळे मिटून वाजवणारा
कोल्हापुरातल्या एका हॉटेलात दर रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं जुनं अमेरिकन जॅझ वाजवतो. मी ड्रमवर. आमचा गिटारवाला डोळे मिटून वाजवतो, पण आपल्याकडं कोण बघतंय हे त्याला बरोबर कळतं. कुणी लावणीची फर्माईश केली, की तो म्हणतो, "पावणं, जॅझला कान लागत्यात की!"

गेल्या रविवारी ऑर्गनवाल्या चाचांनी असा रंग भरला, की लोक जेवण सोडून टाळ्या वाजवू लागले. गिटारवाल्यानं डोळे उघडले. हळूच पाय लांब करून त्यानं ऑर्गनचं खालचं विजेचं बटण बंद केलं आणि तो ओरडला, "लाईट गेली वाटतं!"

डोक्यावर सगळे दिवे लख्ख होते. चाचा शांतपणे म्हणाले, "व्हय. पण नुसती माझीच गेली की!"