राघो सही करायचा

मालकांच्या केबिनमध्ये गालिचा होता. म्हणून मी आत जायच्या आधी शिपायाने दारापासून टेबलापर्यंत वर्तमानपत्रं अंथरली. बूट मी बाहेरच काढले होते. पण प्लँटमधल्या माणसाच्या पायालाही वास येतो, असं तिथे समजलं जायचं. मी त्या कागदावर उभा राहिलो. हात मागे. तळपायांच्या घामाला छपाईची शाई लागत होती.

"याचं अक्षर चांगलं आहे," मॅनेजर मालकांना म्हणाले.

"मग याच्याकडूनच लिहून घ्या," मालक म्हणाले. "पोलीस यायच्या आत उरका."

माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. खाली फर्स्ट एडच्या खोलीत राघो पडला होता. मेलेला. अर्ध्या तासापूर्वी आम्ही त्याला टाकीतून ओढून बाहेर काढलं होतं.

ही गोष्ट रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीतली. मी तिथे शिफ्ट इन्चार्ज होतो. आता पेणला राहतो. हे मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती न ऐकताच गेली. आजही लिहायला बसण्याआधी दाराची कडी दोनदा बघून आलोय.

राघो ठेकेदाराचा मजूर, कातकरी वाडीवरचा. टाक्या आतून धुवायचं काम त्याच्याकडे. टाकीत माणूस उतरवायचा तर नियम असा, की आधी आतली हवा मीटरने तपासायची. मग परमिटचा फॉर्म भरायचा. त्यावर इन्चार्जने सही करायची आणि उतरणाऱ्यानेही करायची. आमची रीत वेगळी होती. सोमवारी सकाळी मी आठवडाभराच्या कोऱ्या परमिटांवर सह्या करून ठेवायचो. काम अडू नये म्हणून. हवेचा आकडा मागाहून भरायचा, तोही दर वेळी तोच. सगळेच इन्चार्ज असं करायचे. त्याला आम्ही सोमवारचा गठ्ठा म्हणायचो. हसत म्हणायचो.

त्या दिवशी मीटर बंद होता. पंधरा दिवस बंदच होता. मी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं होतं. तरी मॅनेजरना फोन केला.

"साहेब, मीटर नाय. टाकीत नायट्रोजन सोडलेला हाय."

"मालक इथेच बसलेत. माल आज जायला पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे, उतरव त्याला."

मागून मालकांचा आवाज आला. "मीटरचं नंतर बघू. उतरवा म्हणावं."

मी फोन ठेवला. राघोकडे बघून म्हणालो, "उतर." हा शब्द माझा आहे. तो मी दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

"जातो साहेब," तो म्हणाला. "माझा च्या झाकून ठेवा."

नायट्रोजनला वास नसतो. रंग नसतो. पण तो भरलेल्या टाकीत श्वासाला प्राणवायू उरत नाही. राघो शिडीच्या चार पायऱ्या उतरला आणि त्याचे हात सुटले. ओरडला नाही. नुसता आवाज आला, ओलं पोतं पडल्यासारखा.

केबिनमध्ये त्या वर्तमानपत्रावर उभा राहून मी नवं परमिट लिहिलं. मॅनेजर सांगत होते, मी लिहीत होतो. हवा तपासली. मास्क दिला. सूचना दिल्या. मजुराने न जुमानता मास्क काढला. रजिस्टरमधलं माझं पान मॅनेजरनी माझ्यासमोर फाडून खिशात घातलं. मालक खिडकीतून बाहेर बघत होते. शेवटी खाली मजुराच्या सहीची जागा उरली.

"तिथे अंगठा घे," मॅनेजर म्हणाले. "पॅड घेऊन जा खाली. या लोकांचा अंगठाच असतो."

मला माहीत होतं. राघो सही करायचा. मीच शिकवली होती.

त्याची मुलगी मनीषा तेव्हा आश्रमशाळेत होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, पोरीच्या प्रगतिपुस्तकावर सगळ्यांचे बाप सही करतात. माझाच एकट्याचा काला डाग." दोन महिने आम्ही रिकाम्या ड्रमवर खडूने त्याचं नाव गिरवलं. मग तो ठेकेदाराच्या हजेरीवर सही करायला लागला. जीभ दातात धरून, एकेक अक्षर. मागे रांग खोळंबायची.

"आटप रे राघोशेठ, आज मंत्रालय बंद राहिला काय तुझ्यासाठी?"

"थांबा रे," तो म्हणायचा. "मात्रा चुकली तर दुसराच कोन राघो घरी जायचा."

तो हात मी फर्स्ट एडच्या खोलीत हातात घेतला. गार झाला नव्हता. अंगठा पॅडवर दाबला, कागदावर दाबला. पहिल्यांदा पुसट उठला, म्हणून पुन्हा दाबला. नंतर त्याच्या अंगठ्याची शाई मी माझ्या रुमालाने पुसली. पोलिसांना दिसू नये म्हणून.

साहेब, हा सही करतो. एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. बोललो नाही. खोट्यात एक फट राहावी म्हणून मी मुद्दाम गप्प बसलो, असं आता म्हणता येईल. पण ते खरं नाही. मी घाबरलो होतो. बोललो असतो तर त्यांनी मलाच त्याची सही करायला लावली असती, आणि मी केली असती.

पुढे केस झाली. पोलिसांच्या कागदात सुरुवातीला मालकांचं नाव होतं. मुंबईहून मोठे वकील आले. वरच्या कोर्टात त्यांनी ते परमिट दाखवलं. कंपनीने सगळे नियम पाळले होते, मजुराचा अंगठा आहे, बघा. मालकांचं नाव निघालं. मॅनेजर मागेच वारले. आरोपी म्हणून उरला ठेकेदार, तोही जामिनावर. रोह्याच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. राघोची बायको दर तारखेला यायची, पायरीवर बसायची, पुढची तारीख ऐकून वाडीवर परत जायची. मालकांना त्या पायऱ्या कधी चढाव्या लागल्या नाहीत.

मला बढती मिळाली. माझा मुलगा त्याच कंपनीत परमनंट लागला. मी काही मागितलं नव्हतं, त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. सगळं आपोआप होत गेलं. हे सगळं जाईल ही भीती तिथूनच सुरू झाली.

मागच्या महिन्यात मला साक्षीचं समन्स आलं. दोन दिवसांत दाराशी कंपनीची गाडी. कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात वरची खोली घेतली होती. वकील होते, आणि मालकांचा मुलगा. आता तोच बापाच्या खुर्चीत बसतो. मोबाइलमधून डोकं वर न काढता त्याने वकिलांना विचारलं, "हेच का ते अंगठेवाले काका?"

वकील हसले. मीही हसलो.

तो माणूस त्या वेळी शाळेत असेल. म्हणजे हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या गोष्टीपायी मी रात्र-रात्र घामाने जागा राहत होतो ती त्यांच्याकडे जेवताना सांगून झाली होती. आणि मी हसलो.

वकिलांनी छापलेला कागद पुढे केला. प्रश्न आणि खाली उत्तरं. "पाठ करा काका. जास्त बोलायचं नाही. मुलगा कसा आहे? बी प्लँटलाच ना?"

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. घरी येऊन पाठही करायला लागलो.

त्यानंतर चार दिवसांनी मनीषा आली. अंगणवाडीत शिकवते ती आता. दारात उभी राहिली आणि मी ओळखलं. बापाचीच हनुवटी. तिने पिशवीतून दोन गोष्टी काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक तिचं जुनं प्रगतिपुस्तक. 'पालकांची सही' या रकान्यात आधी अंगठ्याचे ठसे, आणि शेवटच्या तीन ओळींत राघो, राघो, राघो. शेवटची मात्रा बरोबर लागलेली. दुसरी गोष्ट म्हणजे त्या परमिटची झेरॉक्स, तिच्या वकिलाने कोर्टातून काढलेली.

"काका, माझ्या बापाला सही येत व्हती," ती म्हणाली. "हा अंगठा कसा?"

"मला आठवत नाय."

ती रागावली नाही. "घरी सांगायचा, साहेब माझा मास्तर हाय म्हनून. आठवला तर गुरुवारी कोर्टात सांगा." पाणी न घेता गेली. झेरॉक्स माझ्याकडेच ठेवून गेली.

संध्याकाळी वकिलांचा फोन आला. "पाठ झालं का काका?"

मी फोन टेबलावर ठेवून बोललो. "नाय झाला. होनार पन नाय. माझा मी बोलनार."

पलीकडून अगदी हळू, मायेने बोलावं तसं, "मुलाचा विचार केलात का?"

मुलाला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्याने जेवणाचा डबा बाजूला सारला. "बाबा, माझ्या दोन पोरी हायत," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, राघोला एक होती. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. बोलेल की नाही, माहीत नाही.

पेणच्या एका वकिलांना भेटलो. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "तुम्ही बोललात तर पहिली केस तुमच्यावरच होईल, खोटा पुरावा तयार केल्याची. तुमच्या साक्षीवरून कोर्ट मालकाला पुन्हा बोलावू शकतं. बोलावेलच असं नाही."

म्हणजे कायद्याच्या हाताला सगळ्यात जवळचा मीच आहे. म्हातारा, पेन्शनीवरचा, ज्याच्यासाठी मुंबईहून कोणी वकील येणार नाही. मला धरतील आणि तिथेच थांबतील, हे शक्य आहे. तसंच होत आलेलं आहे. पण मला धरायचं तर, हे कोणाच्या सांगण्यावरून केलं, ते त्यांना विचारावं लागेल. तो फोन, ती खिडकी, ते फाडलेलं पान मी नाव घेऊन सांगेन. एकदा कोर्टाच्या कागदावर आलं की ते फाडायला मॅनेजर नाही.

भीती गेलेली नाही. समोर मोटारसायकल थांबली की अजून कडी बघायला उठतो. भीतीसकट जाईन.

गुरुवारी सकाळच्या गाडीने रोह्याला जायचं. पिशवीत गोळ्या, कपड्यांचा एक जोड, ती झेरॉक्स. विचारतील, अंगठा कोणाचा? राघोचा. घेतला कोणी? मी. तेव्हा राघो जिवंत होता का?

नव्हता.

ही उत्तरं मी पाठ करत नाही.