पैठणला गाढवाचा आवाज ऐकायला गेले त्याची गोष्ट

मी पेटी वाजवते आणि मुलांच्या नाटकांना चाली लावते. यंदा आमच्या पुण्याच्या नाटक मंडळींनी माझ्या गळ्यात एक गाढव बांधलं. नाटकातलं हे गाढव भर दरबारात गाणं म्हणतं आणि राजा खूश होतो. माझं गाढव काही गाईना. पहिली चाल भूपाळीसारखी झाली, दुसरी लावणीकडे घसरली आणि तिसरी ऐकून माझी मुलगी म्हणाली, "आई, हे गाढव बँकेत आहे का?"

खरी अडचण वेगळीच होती. माझ्या सगळ्या चालींखाली सुनील खरातची ढोलकी असायची. मी दोन ओळी गुणगुणायचे, तो ठेका धरायचा आणि उरलेलं गाणं आपोआप यायचं. मग सुनील त्याच्या गावी, छत्रपती संभाजीनगरला परतला, चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला आणि ढोलकी माळ्यावर टाकली. मी फोनवर गाढवाचं रडगाणं गायलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, पैठणला वीटभट्टीवर गाढवं लई. या, खरं गाढव ऐका. पण ढोलकीचं नाव काढायचं नाय."

मी लगेच बॅग भरली. गाढव निमित्त होतं, हे तुम्हाला कळलंच असेल.

पुण्याहून सकाळची बस घेतलीत तर दुपार टळायच्या आत संभाजीनगरला पोचता. पेटी मात्र मांडीवर घ्या. माझी वरच्या फळीवर मावेना, म्हणून शेजारचे काका अख्खा प्रवास तिच्यावर डबा ठेवून जेवले. संध्याकाळी सुनीलनं तिथला मटणाचा नान-खलिया खाऊ घातला. खलियाचा रस्सा दिसतो त्याहून तिखट असतो. नाक पुसत मी हळूच विचारलं, "हात शिवशिवत नाहीत का रे?"

"दिवसभर मशीन ठोकतंय, धाड धाड धाड. घरी येऊन मी पण ठोकू?" तो म्हणाला आणि नान मोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पैठण. गाड्या बऱ्याच आहेत, पण रस्त्याला जागोजागी काम चालू होतं, तेव्हा पाठीचं दुखणं असेल तर पुढची सीट धरा. आमची सीट शेवटची. एका खड्ड्यात पेटी उडाली, दांडीवर आदळली आणि आतून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला.

"मेली का?" सुनीलनं विचारलं.

"बघू नंतर," मी म्हटलं. बघायचं धैर्य नव्हतं.

भट्टी गावाबाहेर होती. मालकीण शांताबाई डोक्याला फडकं बांधून विटा मोजत होत्या. आम्ही का आलोय हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"गाढवाचं वरडणं ऐकायला? पुण्याहून?"

"व्हय मावशी," सुनील म्हणाला. त्याची मान खाली.

"मंग ऐका की. ते साहेब उभे हायत."

साहेब म्हणजे एक राखाडी, जाड पापण्यांचं गाढव. नाव तेच. बाकीची गाढवं विटा घेऊन गेली होती, साहेब सुट्टीवर होते. आम्ही त्यांच्यासमोर उभे राहिलो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"या गावात रेडा वेद बोलला म्हणत्यात," सुनील कुजबुजला, "आपलं एवढं तरी व्हईल."

झालं नाही. मी गाऊन पाहिलं. सुनीलनं शीळ घातली. तोवर भट्टीवरची माणसं जमली आणि जो तो गाढव कसं ओरडतं ते करून दाखवू लागला. एक आजोबा नाकातून, ट्रॅक्टरवाला पोटातून. शांताबाईंना कुणाचंच पटेना. "बाजूला व्हा," म्हणून त्यांनी पदर खोचला आणि अशी हाळी दिली, की झाडावरचे कावळे उडाले. साहेबांनी फक्त कान हलवला.

मला हसू आवरेना. म्हटलं, निदान पेटीला तरी बघू. उघडली तर भात्याची घडी फाटलेली आणि खर्जाची एक पट्टी दबून अडकलेली. भाता ओढला तर फटीतून "हीं", दाबला तर अडकलेल्या स्वरातून "हाँ". पुन्हा ओढला. हीं-हाँ. हीं-हाँ.

साहेबांनी डोळे उघडले. मान वर केली, ओठ मागे ओढले आणि जे काही सुरू केलं ते पेटीच्या वरताण होतं. मी भाता सोडेना, साहेब ऐकेनात. ते श्वास आत घेताना एक स्वर लावत आणि बाहेर सोडताना दुसरा. अरे, पेटीही तशीच तर जगते, श्वासावर! मी त्याच दोन स्वरांत गाण्याची पहिली ओळ टाकली. ती बसली. दुसरी मागून आली.

आणि तेवढ्यात खालून ठेका आला. सुनील उकिडवा बसला होता, समोर पालथं घमेलं. डोळे मिटलेले, बोटं सुटलेली. भट्टीवाले टाळ्या द्यायला लागले. शांताबाई ओरडल्या, "आता हे साहेब दिवसभर थांबायचे नाहीत, तुमच्या पायी!"

खरंच थांबले नाहीत. आम्ही चहा प्यायलो, जायकवाडीचं पाणी पाहून आलो, तरी बसस्टँडपर्यंत त्यांचा आवाज येत होता. परतीच्या एसटीत सुनील खिडकीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, "ताई, मशीनचा ठेका एकटाच असतो. त्याला कुणी उत्तर देत नाय." मी मान हलवली.

पुण्याला आले तेव्हा गाणं पुरं झालं होतं. पूर्वी मला वाटायचं, चाल आपल्या आत कुठेतरी असते आणि दार बंद करून ती काढायची असते. आता दार उघडं ठेवते. शेजारी वैतागलेत.

पहिल्या प्रयोगाला सुनील रजा काढून, माळ्यावरची ढोलकी घेऊन आला. गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहून ओरडली, "हीं-हाँ!" मग तिची रांग, मग सगळं थिएटर. राजाचे संवाद वाहून गेले, दिग्दर्शक विंगेत कपाळ धरून बसला. मी सुनीलकडे पाहिलं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ताल पार सुटला होता, आणि तो तसाच वाजवत होता.