बठ्ठं लिखा, ताई

कर लागत नसतानाही विवरणपत्र भरायला इस्त्रीचा सदरा घालून येणारा माणूस मी एकच पाहिला. जळगावात माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. शेजारच्या गल्लीत शिवणकाम करणारे ते, सगळ्यांचे मास्तर. सीमेपलीकडच्या सिंधमधून बायको-मुलीला घेऊन कायमचे इकडे आलेले. नागरिकत्व मिळायचं होतं. तोवर मुक्कामाच्या परवान्यावर राहत.

मराठी ते गिऱ्हाइकांकडून शिकले आणि गिऱ्हाइकं बहुतेक खेड्यांतली, त्यामुळे बोलणं थेट अहिराणी. पहिल्याच वर्षी मी म्हटलं, एवढ्या उत्पन्नाला हे भरायची गरजच नाही. ते शांतपणे म्हणाले, "ठाऊक शे. तरी बठ्ठं लिखा, ताई." बठ्ठं म्हणजे सगळं. पुढे दरवर्षी तेच वाक्य. साडीच्या फॉल-पिकोचे सुटे पैसेही ते आठवून सांगत.

एका लग्नसराईत त्यांना धुळ्याच्या दुकानात काम मिळालं. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, ही परवान्याची अट. अर्ज केला होता, पण उत्तर येईना, आणि मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. ते गेले. विवरणपत्राच्या वेळी बायको सोबत आली होती. धुळ्याचं तेवढं राहू द्या, म्हणून ती विनवत होती. नागरिकत्व अडकेल, घाई करू नका, असं मीही म्हटलं.

मास्तरांनी धुळ्याच्या कमाईचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "या देशना मी आजून कोनी नही. मन्हं सांगनं याच कागदवर पोचस. तठे खोटं कसं सांगू?"

मी धुळ्याचंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी परवान्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. साहेबांनी लेखी खुलासा घेऊन समज दिली. पुढे बायकोला आणि मुलीला नागरिकत्वाचं पत्र आलं. मास्तरांचं प्रकरण फेरचौकशीला गेलं. त्या दिवशी ते माझ्याकडे पेढे घेऊन आले. स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी पेढा कागदात गुंडाळून ठेवला.

चौकशी चालू असतानाच ते हृदयविकाराने गेले. गल्लीतल्यांनीच खांदा दिला.

गेल्या जुलैत त्यांची मुलगी आली. इस्पितळात नोकरीला लागली होती, तिचं हे पहिलंच विवरणपत्र. वडिलांच्या नावाच्या रकान्याशी माझा हात थांबला. तिने हळूच विचारलं, "मावशी, बाबांच्या नावापुढे काही लिहावं लागतं का? ते इथले झाले नव्हते ना."

"नाही गं," मी म्हटलं. "नुसतं नाव."

तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एकेक अक्षर सावकाश टाइप केलं.