जिन्यातली पेन्सिल

कामावर, चष्म्याच्या दुकानात, सगळे तिला ताई म्हणत. घरी मात्र ती अजून मुलगाच होती, आणि वडिलांच्या लेखी घराण्याच्या जाडजूड भुवयांचा एकुलता वारस. "या भुवया बघूनच माणसं वचकतात," ते पाहुण्यांना सांगत.

महिन्यापूर्वी तिने त्या कोरून घेतल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी जिन्याच्या वळणावर थांबून, हातातल्या आरशात बघत ती भुवया पेन्सिलीने परत जाड रेखायची. वडिलांना कळलं तर घराचं दार कायमचं बंद होणार होतं. आणि त्या दाराआड आई होती.

आज ती घामाघूम होऊन पोचली. "अरे, केवढा घाम हा!" म्हणत आईने हातातल्या टॉवेलने तिचं कपाळ खसाखसा पुसलं. टॉवेलवर काळा पट्टा उमटला.

आईने आधी टॉवेलकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आले का साहेब?" आतून वडिलांनी विचारलं.

"आले, हातपाय धुताहेत," आई ओरडली. मग काळा पट्टा आत जाईल अशी टॉवेलची घडी घालत हळूच म्हणाली, "मोरीत जा. डावी जरा जाड काढ, परवा विरळ दिसत होती. आणि जेवताना दिव्याखाली बसू नकोस."

तिने मोरीचं दार लावलं आणि पेन्सिल काढली. बाहेरून आई त्याच दाराला पाठ टेकून उभी राहिली.